ऐनाची साल

वणवा विझल्यावर तिसऱ्या दिवशी टेकडीवर गेले. "गवत चांगलं यावं म्हणून दरसाल पेटवतात, बाई," फॉरेस्टचा गार्ड म्हणाला. त्याने एक काळाठिक्कर ऐन कोयत्याने खरवडला. बोटभर जाड सालीखाली खोड ओलं, गार होतं. एवढ्या आगीची धग आत पोचलीच नव्हती. माणसाला अशी साल असती तर काय काय सोसता आलं असतं, असं मनात आलं.

"हा मात्र मेला," पुढच्या ऐनाशी थांबून तो म्हणाला. "कुणीतरी चहूबाजूंनी साल सोलली होती."

तो हातभर रुंद पट्टा मी ओळखला. ह्यांच्या काढ्यासाठी हिवाळ्यात मीच सोलला होता. हे काही वाचले नाहीत. उरलेली साल अजून स्वयंपाकघरात बरणीत आहे.