कमान कोणी उभी केली

न्यायाची सुरुवात सत्यापासून होते, असं मी पुष्कळ ठिकाणी वाचलं आहे आणि नोकरीत असताना वर्गात शिकवलंही आहे. नेरला माझ्या घरी, माझ्याच लॅपटॉपवर, ती एका यादीपासून झाली. 'अपघाताचे कारण निवडा : वाहन, कुत्रा, बर्फ, इतर.'

दावा आमच्या शेजारणीचा होता. बसस्टँडच्या रस्त्यावर त्यांचं शिवणकामाचं दुकान आहे. एका मोठ्या पाहुण्यांसाठी उभारलेली स्वागत कमान पाहुणे येण्याआधीच त्या दुकानावर कोसळली आणि बाईंचं उजवं मनगट मोडलं. पाहुण्यांना दुसऱ्या रस्त्याने आणलं, सत्कार झाला, भाषणं झाली. कमानीचा उल्लेख कोणाच्याच भाषणात आला नाही. डॉक्टरांचं म्हणणं, प्लेट टाकावी लागेल आणि लवकर टाकावी लागेल. नाहीतर हाड जुळेल, पण हात कात्री धरणार नाही. स्वागत समितीने दवाखान्यात येऊन 'ऑपरेशनच्या खर्चाचं आमच्याकडे लागलं' असं सांगितलं होतं. त्यानंतर समितीचे फोन लागेनासे झाले.

यवतमाळला माझा एक जुना विद्यार्थी वकील आहे. तो म्हणाला, "सर, निष्काळजीपणाचा दावा तयार करा आणि आधी समितीलाच पाठवा. पुष्कळदा तेवढ्यानं भागतं." दाव्याचा नमुना कुठे भरायचा तेही त्यानेच सांगितलं. त्या साइटवर कोरा फॉर्म पडद्यावर उघडतो, रकाने भरायचे, हवे तिथे सरकवायचे, शेवटी बोटाने सही करायची. नमुना कुठल्या तरी थंड मुलखातला असावा आणि त्याचं मराठी यंत्राने केलेलं असावं. मी 'इतर' निवडलं. बर्फाचा पर्याय आपण सोडतो आहोत, याचं मला फारसं वाईट वाटलं नाही.

"कसं झालं, ते तुमच्या शब्दांत सांगा," मी म्हणालो.

बाई गळ्यात अडकवलेला हात सावरून बसल्या. "लिहा, योग होता."

"योगावर दावा लावता येत नाही."

"मंग कोनावर लावता येते?"

"ज्याने कमान उभी केली त्याच्यावर."

"थे तं कोनालेच मालूम नाही म्हन्तेत, सर."

ही खरी अडचण होती. दुसरी अडचण बाईंनी स्वतः करून ठेवली होती. अध्यक्ष सफरचंदं घेऊन दवाखान्यात आले, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "तुमची काय चूक भाऊ, होनारं होते." आपल्याकडे भेटायला आलेल्या माणसाला दुसरं काही म्हणत नाहीत. त्यानेच आपला पाय मोडला असला तरी त्याला आधी खुर्ची देतात. पण समितीच्या एका कार्यकर्त्याने त्या प्रसंगाचा व्हिडिओ काढला होता आणि तो गावभर फिरत होता.

"असं कशाला बोललात?" मी विचारलं.

"मंग काय सफरचंद खाता खाता भांडू?"

फॉर्ममध्ये प्रतिवादींसाठी तीन जागा होत्या. नावं शोधायला लांब जावं लागलं नाही. कार्यक्रमाचा फ्लेक्स अजून चौकात होता आणि त्यावर अर्धं गाव फोटोसकट हजर होतं. कमान पडेपर्यंत ती सर्वांची होती. मी सर्वांत मोठे तीन फोटो निवडले : अध्यक्ष, सचिव, खजिनदार. दावा समितीला पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपाध्यक्ष दारात. मोटारसायकल चालूच ठेवून त्यांनी विचारलं, "सर, हे काय करून राह्यले तुमी? माझं नाव काहून नाही याच्यात?"

"अहो, आरोप आहेत ते."

"असू द्या ना! खजिनदाराचं नाव घेतलं. थो तं त्या दिवशी लग्नाले गेलता. अन् मी काय मेलतो?"

मी त्यांना आत बोलावलं. बाई तिथेच होत्या. त्यांनी सवयीने खुर्ची पुढे केली.

"मग कमान कोणी उभी केली?"

"म्यां! सकाळपासून उन्हात उभा होतो. अध्यक्ष हार घालाच्या टायमाले आले."

"खांब जमिनीत का गाडले नाहीत?"

"गाडतो कसे? पाहुन्यासाठी नवा डांबर टाकला होता. अध्यक्षच फोनवर म्हन्ले, रोडले हात लावू नका, पिंपात रेती भरा अन् त्याच्यात खांब रोवा. मी म्हन्लं, हवा सुटली तं? थे म्हन्ले, अर्ध्या घंट्याचा परश्न आहे."

ते बोलत होते, मी टाइप करत होतो. मी चौथा रकाना जोडला. लिहिलेलं सगळं त्यांना वाचून दाखवलं, हे त्यांच्याही अंगावर येईल असं दोनदा बजावलं. त्यांनी एकच दुरुस्ती सुचवली : नावाआधी 'उपाध्यक्ष' हवं, आणि ठळक हवं. मी ठळक केलं. बोटाने केलेली पहिली सही त्यांना दमदार वाटली नाही, म्हणून दुसरी केली.

"भाऊ, चहा घेऊनच जा," बाई म्हणाल्या.

वकिलाने ते पान पाहिलं आणि फोनवर बराच वेळ हसला. सफरचंदाच्या व्हिडिओची आता काळजी करू नका, म्हणाला. सुधारलेला दावा समितीला गेला. त्याच आठवड्यात समितीची बैठक झाली आणि ऑपरेशनचा खर्च उचलल्याचं पत्र आलं. पत्रात दिलगिरीचा एक परिच्छेद आणि बाईंच्या सहनशीलतेच्या गौरवाचे तीन परिच्छेद होते. खाली समितीच्या सर्व पदाधिकाऱ्यांच्या सह्या होत्या, लग्नाला गेलेल्या खजिनदारांचीही.

प्लेट वेळेत बसली. बाई पुन्हा कात्री चालवतात. काज-बटणांचं बारीक काम मात्र पुढच्या गल्लीत करायला देतात.