आग्नेसबायचे अंतोन

आग्नेसबायच्या लेखी मुंबईत हरवलेल्या प्रत्येक पुरुषाचं नाव अंतोन होतं. सरकारी इस्पितळाच्या वॉर्डात पोलिसांनी आणून सोडलेला, खिशात ना कागद ना फोन, असा कोणी बेशुद्ध पडलेला असला की ती त्याच्या खाटेपाशी स्टूल ओढायची, त्याचा हात हातात घ्यायची आणि गल्लीतल्या पोराला जेवायला बोलवावं तशी हाक मारायची, "अंतोन, ए अंतोन! ऊठ रे, दिस वर आला." संत अंतोनी हा हरवलेल्या वस्तूंचा संत. चष्मा सापडेना, किल्ली सापडेना, की गावठाणातल्या बायका त्याला साकडं घालतात. बायने माणसं शोधायचं कामही त्याच्याच गळ्यात मारलं होतं. एका वेळी दोघे असले तर खिडकीकडचा थोरला अंतोन आणि दाराकडचा धाकला.

अंधेरीला मरोळच्या बाजूच्या गावठाणात तिचं घर, आणि वरच्या माडीवर आम्ही भाडेकरू. आम्ही मालवणकडचे, ती इथली मूळची ख्रिस्ती. भोवती काचेच्या इमारती उठल्या तरी तिच्या अंगणातला क्रूस आणि त्याच्या पायाशी वाळत घातलेले बोंबील जागचे हलले नाहीत. फुलाफुलांचा झगा, खांद्यावर पंचा, पायात रबरी चपला. चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपली की डब्यात पेज भरायची आणि बस पकडून इस्पितळात. ज्यांना गिळता येई त्यांना पेज, ज्यांना येत नसे त्यांच्या ओठांना ओला कापूस. माझी आई कपाळावर हात मारून म्हणायची, "आग्नेस, तुझ्या अंतोनांका गाव नाय नि शीव नाय. तुका कित्याक व्हयी ही ब्याद?" त्यावर बाय हसून आईच्याच डब्यात बोंबलाची चटणी घालायची.

लोकांना वाटायचं, हिच्या मागे काहीतरी दुःखद गोष्ट असणार. नवरा रस्त्यात तडफडून गेला असेल, मुलगा हरवला असेल. तसलं काही नव्हतं. नवरा म्हातारा होऊन, कालवणात मीठ कमी पडल्याबद्दल कुरकुरत, स्वतःच्या खाटेवर गेला. मुलगी वसईला सुखात नांदत होती. परक्या माणसाला पाणी पाजलं की ते येशूला पोचतं, असं बायला लहानपणी चर्चमध्ये शिकवलं होतं. तिच्याबरोबर शिकलेल्या बाकीच्यांनी ते ऐकून सोडून दिलं. हिने खरं मानलं, एवढाच फरक.

"तो येतो, सुलू," ती मला सांगायची. "कंचा पन चेहरा घालून येतो. मी म्हातारी, मना काय वळखाया येनार? म्हनून मी कोनालाच सोडत नाय. आनि लबाड पन हाय तो. दारू पिऊन पन येतो."

दारू पिऊन आलेला एक मी स्वतः पाहिला. तिचा गुडघा दुखत होता म्हणून मी सोबत गेले होते. डोक्याला पट्टी बांधलेला तो इसम तिच्या हाकांनी वैतागून एकदम डोळे उघडून ओरडला, "ए बाई, कोण अंतोन? मी विठ्ठल हाय, विठ्ठल! घाटकोपरचा!" बाय आनंदाने उभी राहिली. सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मिलला गं मिलला! विठ्ठल मिलला!" मग तिने त्याला पेज भरवली आणि प्रत्येक घासागणिक दारूवरून शिव्या दिल्या. तो मुकाट खात होता. मला माणसांची दया येते, पण लांबून. तिथल्या वासाने मी नाकाला रुमाल लावून उभी होते. तिला वास येतच नसावा.

तिने त्या वॉर्डात कधी प्रार्थना म्हटली नाही, कुणाच्या उशाशी क्रूस ठेवला नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "बेसुद मानसाचा फायदा घ्यावा का? माजी प्रार्थना मी बसमदी करते."

मग तो शेवटचा अंतोन आला. हायवेवर गाडीने उडवून टाकलेला, तिशीतला, हातापायाने दणकट. डोळे मिटलेलेच. बाय रोज जायची, हाका मारायची. एके दिवशी घरी आली ती लहान मुलीसारखी फुलून. "सुलू, त्याने माजा बोट दाबला! मी बोल्ली, अंतोन, भिऊ नको, मी हाय, तुला येकट्याला जाऊ देनार नाय. तवा दाबला बघ." ते तिचं वचन झालं, आणि वचन दिलं की ती पाळायचीच.

शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाला भेटायला आलेल्या कुणीतरी तिचा मोबाइलवर व्हिडिओ काढला. म्हातारी ख्रिस्ती बाई, बेशुद्ध माणूस, आणि "अंतोन, ए अंतोन". खाली लिहिलं, मरणाऱ्या माणसांची नावं बदलून धर्म बदलतात. दोन दिवसांत तो व्हिडिओ आमच्या गल्लीतही फिरून आला. माझ्याच मामेभावाने मला पाठवला, वर विचारलं, "ही तुमची घरमालकीण ना?" मी त्याला फोन करून जे काही सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण असल्या गोष्टी एका फोनने थांबत नाहीत. इस्पितळातला मोठा साहेब घाबरला. वाईट माणूस नव्हता. हात जोडून म्हणाला, "मावशी, मला माहीत आहे हो तुम्ही काय करता ते. पण उद्या इथे शंभर लोक आले तर मी काय करू? नका येऊ आता."

ती तरी गेली. आत सोडेनात, म्हणून डबा घेऊन फाटकाबाहेर कठड्यावर बसायची. वॉर्डातली आयाबाई शोभा ड्यूटीवर जाताना दिसली की तिचा पदर धरायची. "शोभा, काय नको करू. नुसती हाक मार त्याला." शोभा रडकुंडीला यायची. "बाय, माझी नोकरी जाईल गं." बाय पदर सोडून द्यायची. मी तिला घरी आणायला गेले की म्हणायची, "मी बोल्ली व्हती त्याला, मी हाय म्हनून. तो आत वाट बघत असल." त्या दिवसांत ती जेवणाच्या ताटावर नुसती बसून असायची.

तो एका दुपारी गेला. वॉर्डात अपघाताच्या तीन केसेस एकदम आल्या होत्या, सगळी धावपळ तिकडे. सलाइन बदलायला नर्स आली तेव्हा तो थंड झालेला होता. शोभानेच बाहेर येऊन सांगितलं. बाय तेव्हा फाटकापाशीच होती, मध्ये फक्त एक भिंत आणि एक जिना.

काही दिवसांनी त्याचा भाऊ आला, जालन्याकडचा. पोलिसांनी फोटोवरून पत्ता लावला होता, आणि आमचं घर त्याला शोभाने सांगितलं. मेलेल्याचं नाव नामदेव. भाऊ आमच्या ओट्यावर बसला, चहाला हात लावेना. शेवटी म्हणाला, "मावशी, माय घरी एकच इचारते. जेवना, झोपंना. लेकराजवळ शेवटाला कुनी होतं का म्हनते. काय सांगू तिला?"

मी बायकडे पाहिलं. ही बाई खोटं बोलत नसे. पूर्वी भाजी विकायची तेव्हाही कालची मेथी कालचीच म्हणून विकायची.

"व्हता ना," ती म्हणाली. "येक जन व्हता. हात धरून बसला व्हता, पार शेवटपत्तर."

"कोन होता, मावशी?"

"नाव नाय इचारलं मी."

तो तोंडावर रुमाल दाबून रडला, मग गार झालेला चहा एका दमात प्याला आणि गेला. जाताना तिच्या पाया पडला. ती मागे सरकली.

त्या रविवारी मी तिला हाताला धरून चर्चमध्ये नेलं. कम्युनियनच्या वेळी फादरांच्या हातून पवित्र भाकर घ्यायला सगळी माणसं उठून रांगेत गेली. बाय बाकावर बसून राहिली. जन्मात एकही रविवार न चुकवलेली बाई. पुढच्या रविवारीही तेच. मी विचारलं तेव्हा चिडून म्हणाली, "खोटं बोल्ली ना मी? पाप घेऊन कशी जाऊ? फादरकडं कबुली दे, कन्फेशन कर म्हनशील. त्याला पश्चात्ताप लागतो. तो मना होत नाय. परत आला तो जालन्याचा, तर परत तेच सांगन." मला वाटलं होतं, चार रविवारांत निवळेल. ती वर्षभर बाकावर बसून राहिली आणि माझ्या डोळ्यांदेखत वाळत गेली. मला तिचा राग यायचा, आणि तिच्या देवाचाही.

मग ती खाटेलाच खिळली. घरोघरच्या आजाऱ्यांना कम्युनियन द्यायला फादर यायचे, तसे तिच्याकडेही येऊ लागले. तरुण होते, मायाळू. खिशातली त्या भाकरीची लहानशी डबी काढून तिच्या उशाशी बसायचे आणि ती मान हलवायची. शेवटच्या खेपेला मी तिथेच होते. फादर काकुळतीला आले. "आग्नेसबाय, अगं त्याला मी पाप म्हणतच नाही. एका आईचं मन राखलंस तू. घे ना."

"तुमी नाय म्हनत फादर. पन खोटं ते खोटं."

"बरं, मग एकदा म्हण, चुकलं. एवढंच."

तिने डबीकडे पाहिलं. श्वास लागत होता. मला वाटलं, म्हणते आता.

"थांबा जरा," ती म्हणाली. "आता जानारच हाय मी येशूकडं. तो मना इचारल, खोटं का बोल्लीस? मंग मी पन त्याला इचारीन. त्या दुपारी, मना भाईर ठेवली तवा, तू व्हतास का अंतोनपाशी? धरला व्हतास हात त्याचा? तो हो बोल्ला, तर मी खोटं बोल्लीच नाय."

"आणि नाही म्हणाला तर?" मी विचारलं. फादरांनी माझ्याकडे पाहिलं, पण मला अडवलं नाही.

बायने डोळे मिटले. "तर मंग माफी त्यानं मागायची."

फादरांनी डबी परत खिशात ठेवली. चार दिवसांनी, भर दुपारी, माझ्या हातात हात असताना बाय गेली.