छोट्या लाईनीवरचा फोटो

रूळ उपटून नेलेल्या जागी गाडी बघू शकणारा माणूस अख्ख्या झाडीपट्टीत एकच आहे, आणि नशीब बघा, तो नेमका माझा साडभाऊ निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान सिंदेवाहीच्या पोस्टातून निवृत्त झाले आणि नागभीड ते चांदा फोर्ट या पट्ट्यातली अरुंद रुळांची जुनी छोटी लाईन शोधू लागले. आता तिथं मोठी लाईन आहे, पण तिच्यावरच्या गाड्यांकडे हे ढुंकूनही बघत नाहीत. लाईन मोठी करताना जी वळणं सरळ केली, त्यांचे जुने भराव जंगलात आणि धानाच्या बांध्यांमध्ये पडून राहिले. यांचा सगळा जीव तिथं.

मूल गावी एका लग्नात ऐन मंगलाष्टकांच्या वेळी हे गायब. शोधायला मला पाठवलं. हे मंडपामागे उकिडवे बसून माती उकरत होते. मूठभर काळी भुकटी माझ्या नाकाशी धरून म्हणाले, "वास घे. हे इंजिनाची राख हाये, चुलीची नोहे." मला दोन्ही वास सारखेच आले, पण मी मान हलवली. एकदा राजोलीकडच्या शाळेत घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा छोट्या लाईनीचा आहे का, हे आवाजावरून ओळखायला यांनी तो दणदणून वाजवला. सकाळचे अकरा वाजलेले, पोरं दप्तरं घेऊन पसार. हेडमास्तर हात जोडून म्हणाले, "भाऊ, तुमी आता ऐतवारीच येत जा." खांद्यावर टेप आणि हातात वही बघून शेतकरी यांना मोजणीवाला समजतात, आधी चहा पाजतात आणि मग हळूच विचारतात, "आमची किती जाऊन राह्यली?"

मी पुष्कळ वर्षं हसलो. मग तीन वर्षांमागे त्यांनी मला एक फोटो दाखवला आणि माझं हसू बंद झालं. त्यांचे वडील छोट्या लाईनीवर गँगमन होते. साडभाऊ वर्षाचे व्हायच्या आत वडील तापानं गेले. घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. नागपूरच्या एका हौशी फोटोवाल्याच्या मुलाला बापाच्या पेटीत जुनी निगेटिव्ह सापडली. पाकिटावर गँगमनचं नाव होतं, जागेचं नव्हतं. त्यानं विचारपूस करत यांचा पत्ता काढला आणि स्टुडिओतून फोटो करून पाठवला. बंडीतला तरणाताठा माणूस हातात पहार घेऊन रुळात उभा, हसतोय. मागे डावीकडे डोंगर, उजवीकडे तलाव. उजव्या हाताची करंगळी अर्धी तुटलेली. साडभाऊ बाहेर ज्याला त्याला सांगत, "माह्या बापाची उजवी करंगळी नोहती."

बापाचे पाय जिथं होते तिथं एकदा उभं राहायचं, एवढंच त्यांना हवं होतं. पण झाडीत डोंगर आणि तलाव नसलेलं गाव दाखवा! त्यातून मोठ्या लाईनीशेजारी दुसरी लाईन टाकायचं काम निघालं, जुन्या भरावांवर जागोजाग मुरूम पडायला लागला. यांची झोप उडाली. दर रविवारी सकाळी मला फोन, "चाल, आज भेटते." फोटो हात लांब करून धरायचा आणि डोंगर डोंगराला जुळेपर्यंत मागे मागे सरकायचं, ही त्यांची पद्धत. तसे ते दोनदा तलावात पडले.

त्यांच्या आईला आम्ही सारे बाई म्हणतो. बाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनला तयार नव्हत्या, त्यामुळे फोटो म्हणजे त्यांना नुसता पांढरा कागद. जागा विचारली की म्हणायच्या, "लाईन सारी सारखीच, पाह्यल्याबिगर काय सांगू?" गेल्या हिवाळ्यात कशाबशा तयार झाल्या. पट्टी निघाल्यावर त्यांनी फोटो हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, "हे उलटं हाये. करंगळी डावी तुटली होती त्यायची. मीच हळद लावली होती."

स्टुडिओवाल्यानं निगेटिव्ह उलटी लावली होती. डोंगर उजवीकडे हवा होता, तलाव डावीकडे! साडभाऊंनी कपाळावर हात मारला. आलेवाहीच्या पुढे अशी जागा होती आणि तिथं बसून आम्ही चारदा डबे खाल्ले होते.

दुसऱ्याच दिवशी बाईंना घेऊन गेलो. मुरमाचे ढीग पन्नास पावलांवर येऊन ठेपलेले. साडभाऊ भरावावर जाऊन बापासारखे उभे राहिले. मी मोबाईल धरून मागे सरकत डोंगर जुळवला, तर बाई माझ्या शेजारी येऊन थांबल्या.

"फोटोवाला इथीच होता," त्या म्हणाल्या. "अन् मी अशी बाजूले, डबा घेऊन. हे माह्याकडं पाहून हासून राह्यले होते."

साडभाऊंनी तिकडून विचारलं, "अन् मी कुठी होतो, बाई?"

"पोटात. सातवा लागला होता."

साडभाऊ आईकडे बघत राहिले, आणि बघता बघता त्यांचा चेहरा फुलला. मी तेवढ्यात फोटो काढून घेतला.

महिनाभरात तिथं मुरूम पडला. साडभाऊ आता कुठं जात नाहीत, अंगणात बाईंजवळ बसून असतात. चांगलंच झालं म्हणायचं. पण रविवार उजाडला की माझं लक्ष फोनकडे जातं, खोटं कशाला बोलू.