माझ्या घरात ठेवलेला उपदेश

जरा इकडे कान द्या. तुम्ही लांबून ऐकताय, म्हणून मोठ्यानं सांगते. आणि आधी थोडं रागावू द्या. आमच्या संग्रामपुरात एवढा बोलणारा माणूस इतकी वर्षं दर रविवारी उभा राहायचा, आणि तुम्ही लोक तिकीट काढून व्याख्यानं ऐकायला कुठं कुठं जाता, पण इकडे एकदा फिरकला नाहीत. आता तो माणूस नाही. निदान माझ्या तोंडून तरी ऐका.

शांतवन पाळक, आमच्या चर्चचे धर्मगुरू, गेले. अकोल्याच्या दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. सून फोन घेऊन बाहेर आली, "आई, पाळकसाहेब..." एवढंच म्हणाली. मी उठले नाही. सोलत राहिले. दाणे आणि टरफलं एकाच सुपात पडत होती, ते सुनेनं मागाहून निवडलं.

त्याला महिना होऊन गेला. आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, लहानसं. नवा पाळक कधी येईल ते वरच्या लोकांनाही ठाऊक नाही. तोवर उपदेश कोणी करायचा असा प्रश्न निघाला आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी शाळेचं तोंड न पाहिलेली बाई, गीतांच्या पुस्तकावर बोट ठेवून ठेवून अक्षरं शिकले. मी म्हटलं, विचार करून सांगते. आणि विचार करायला बसले की पाळकच डोळ्यांसमोर येतात, मग रडू येण्याआधी बोलायचीच हुक्की येते.

सुरुवातीला ते फार वाईट बोलायचे, हे कोणी सांगणार नाही म्हणून मी सांगते. कागद समोर धरून वाचायचे, मान खाली. आमचे सीमोनकाका, मंडळीतले सगळ्यांत जुने वडील, म्हणजे पंच, पहिल्या गीतालाच झोपायचे. एकदा दारात मी विचारलं, "काका, आज उपदेश कशावर झाला?" तर म्हणाले, "प्रभूवर." म्हणजे कोणत्याही रविवारी चालेल असं उत्तर.

मग पाळक कुठल्याशा शिबिराला गेले आणि वेगळेच होऊन आले. आमचं घर चर्चला लागून, त्यामुळे पिशवी खांद्यावर तशीच घेऊन ओट्यावर बसले. चहा निवला, त्यावर साय धरली, तरी बोलणं चालूच. येशूच्याही आधी म्हणे ग्रीस देशात, रोममध्ये बोलण्याची विद्या होती. पुढं एक बिशप झाला, तो तरुणपणी त्याच विद्येचा मास्तर. त्यानं ती चर्चमध्ये आणली. "मार्थाबाई, बोलणाऱ्याची तीन कामं. शिकवायचं, रिझवायचं आणि माणसाला जागचं हलवायचं. मी आजवर पहिलंच करत आलो."

"तेही जरा कमीच," मी म्हटलं.

ते इतके हसले की चहा सांडला. मग म्हणाले, "अजून एक आहे. ऐकणाऱ्याला आधी बोलणारा माणूस पटावा लागतो, मुद्दा नंतर." आणि खरंच, त्या आठवड्यापासून ते घरोघर जायला लागले. कापूस वेचणाऱ्या बायांच्या बांधावर बसायचे, कोणाला काय सलतंय ते ऐकायचे.

सीमोनकाकांना ही विद्या मुळीच आवडली नाही. सगळ्यांसमोर म्हणाले, "देवाच्या वचनाले फोडणी कायले पाह्यजे? आन तेही मूर्तिपूजक लोकायच्या हातची?"

पाळक म्हणाले, "काका, डाळ त्याचीच आहे. पण कच्ची वाढली तर तुम्ही जेवाल का?"

"मी तं न जेवताच झोपतो," काका म्हणाले, आणि सगळी मंडळी हसली.

आता खरी गंमत ऐका. कागद सोडायचा तर लक्षात कसं ठेवायचं? त्या जुन्या लोकांची युक्ती अशी, की ओळखीचं एक घर मनात घ्यायचं, त्यात एकेक मुद्दा एकेका जागी ठेवायचा आणि बोलताना त्या घरातून चालत जायचं. पाळकांनी माझं घर निवडलं. शनिवारी संध्याकाळी यायचे, ओट्यापासून मागच्या पेरूपर्यंत पुटपुटत चालायचे. मुद्दा विसरू नये म्हणून तिथं काहीतरी विचित्र ठेवायचे. माझ्या बाजेवर उंट, न्हाणीत पाण्यावर चालणारा येशूचा शिष्य पेत्र. एकदा सून घाबरून आली, "आई, पाळकसाहेब चुलीसंग बोलून राह्यले." मी जाऊन विचारलं तर म्हणाले, "बायबलातल्या उधळ्या मुलाची डुकरं इथं बांधलीत."

"माह्या सैपाकघरात डुकरं? काऊन? बाहीर गोठा नाही का?"

त्यांनी निमूटपणे डुकरं गोठ्यात नेली. हवेतली.

मग उपकारस्तुतीचा सण आला. नव्या पिकाचं दान आणायचं, मग सगळ्यांची पंगत. त्या वर्षी जिल्ह्याहून मंडळीचे मोठे लोक येणार होते, पाळकांना ठेवायचं की बदलायचं ते ठरवायला. उपदेश होता त्या श्रीमंतावर, ज्यानं पीक ठेवायला मोठी कोठारं बांधायचं ठरवलं आणि त्याच रात्री मेला. पाळकांनी शनिवारी तो श्रीमंत माझ्या ज्वारीच्या पत्र्याच्या कोठीवर नेऊन बसवला. पंगत आमच्याकडेच, म्हणून रविवारी पहाटे आम्ही ती कोठी मागच्या खोलीत सरकवली. उपासनेआधी पाळक पाणी प्यायला आत आले आणि तो रिकामा कोपरा पाहून गेले.

व्यासपीठावर छान सुरुवात झाली. ओटा झाला, दार झालं... आणि थांबले. डावा हात अर्धवट वर, नजर कुठंतरी. पाहुणे खुर्चीत सरकले. मला बसवेना. मी बायकांच्या बाजूनं उठून म्हटलं, "पाळकसाहेब, कोठी मागल्या खोलीत नेली. श्रीमंत तिथंच बसला असंल."

सीमोनकाका खडबडून जागे झाले. "कोन श्रीमंत? कोनाच्या घरी?"

पाळक आधी हसले, मग व्यासपीठावरून खाली आले आणि सगळी युक्ती सांगून टाकली. माझं घर, उंट, डुकरं, सगळं. मग म्हणाले, "चला, मागच्या खोलीत जाऊन पाहू तो काय करतो." आवाज एकदम खाली आला. तिथं अंधार आहे, म्हणाले. पुढच्या खोलीत पंगत बसलीय, वाढप चाललंय, पोरं हसताहेत. हा मात्र कोठीवर बसून राहिलाय. उठला तर ज्वारी कोणी नेईल. भूक लागलीय त्याला... हाकही ऐकू येतेय. पण उठता येत नाही.

पाहुणे पुढं वाकून ऐकत होते. सीमोनकाका डोळे पुसत होते. पंगतीला बसताना माझ्याकडे वळून म्हणाले, "मार्थे, आज फोडणी बसली." पाळक मग इथंच राहिले, शेवटपर्यंत.

परवा त्यांच्या खोलीची किल्ली माझ्याकडे आली, झाडून काढायला. एक खाट, खुंटीवर पांढरा झगा, कोनाड्यात औषधाची बाटली, एक खिडकी. झाडू हातातच राहिला. उंबऱ्यावर मी माझी पहिली गोष्ट कधी ठेवली मला कळलंच नाही. दुसरी खाटेवर ठेवली. तिसरी त्या झग्यापाशी ठेवली. खिडकी अजून रिकामी आहे, सुचेल काहीतरी. कुलूप लावून तशीच सीमोनकाकांकडे गेले आणि हो म्हणून आले.

तेव्हा आता उशीर करू नका. शेगावहून एसटी मिळते, स्टँडवर उतरून चर्च विचारा. आमच्या लोकांनी मला जन्मभर ऐकलंय, ते माया म्हणून ऐकून घेतील. माझं बोलणं पोचतंय की नाही ते अनोळखी चेहऱ्यावरच दिसेल मला. एक तरी तसा चेहरा समोर पाहिजे. लवकर या... आणि जेवूनच जा.