वहिनीचं यीस्ट

माझी वहिनी पेशींवर संशोधन करायची. पाव फुगवायला घालतात त्या यीस्टवर. त्या इवल्या जिवांना चटका दिला, उपाशी ठेवलं, खारट पाण्यात बुडवलं, की ते स्वतःला कसे वाचवतात हे ती बघायची. लग्न होऊन घरात आली तेव्हा आईने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "यीस्टला ताण येतो का हे बघायचा पगार मिळतो? मग माझ्याकडे आजवर कुणी कसं फिरकलं नाही?" वहिनी पोट धरून हसली. दोघींचं जमलं ते तेव्हापासून.

तिचा शोध तिने मला माझ्या चष्म्याच्या दुकानात बसून समजावला होता. यीस्टला आधी जरा ऊब द्यायची, सोसवेल इतकीच. मग गार जागी वाढू द्यायचं. पुढे त्यांच्या पतवंडांना कडक चटका दिला तरी ती तग धरतात. ज्यांच्या पूर्वजांना ऊब मिळालीच नाही, ती मरतात. "म्हणजे भाऊजी, आजीने सोसलेलं पतवंडांच्या अंगात उरतं!" हे सांगताना तिचा चेहरा असा काही उजळला होता की गिऱ्हाईक खोळंबलंय हेही मी विसरलो. तो लेख छापून आला, तिचं नाव झालं. संस्थेत आता कायमची नेमणूक होणार, हे सगळे धरूनच चालले होते.

मग संस्था नव्या इमारतीत गेली. जुनी यंत्रं गोदामात पडली, नवी कोरी आली आणि वहिनीचा प्रयोग चालेनासा झाला. पतवंडं सरळ मरायला लागली.

सुरुवातीला तिने पाण्याला दोष दिला. पाणी बदललं. यीस्टचं खाद्य बदललं. गोठवून ठेवलेलं मूळ यीस्ट काढून पुन्हा वाढवलं. काही उपयोग नाही. त्यातच दुसऱ्या शहरातल्या एका संशोधकाचा फोन आला. आमच्याकडेही हे होत नाहीये, आमचं काय चुकतंय ते सांगाल का, असं त्याने अगदी नम्रपणे विचारलं.

"ओरडला असता तर बरं झालं असतं," वहिनी म्हणाली.

तिचं जेवणावरून लक्ष उडालं. दादा शाळेत गणित शिकवतो. त्याने एकदा म्हणून पाहिलं, "दुसरा विषय घे ना." ती ताटावरून उठून गेली. बाथरूमचा नळ चालू करून आत रडायची. आम्हाला ऐकू येत नाही असं तिला वाटायचं.

एका दुपारी ती दुकानात आली. "भाऊजी, गाडी काढा. जुना इन्क्युबेटर आणायचाय."

इन्क्युबेटर म्हणजे यीस्टला ऊब द्यायचं कपाट. गोदामातून ते धूड आम्ही दोघांनी ओढत बाहेर काढलं आणि प्रयोगशाळेत नेऊन बसवलं. पुढच्याच आठवड्यात तिचा घरी फोन आला. "आई, जगली! सगळी जगली!" आईला काय कळलं कुणास ठाऊक, पण तिने डोळे पुसले.

संध्याकाळी मी तिला आणायला गेलो, तर ती जमिनीवर बसलेली. कपाटाचं दार उघडं होतं.

"आत वेगळा थर्मामीटर ठेवून बघितला," ती म्हणाली. "बाहेरचा आकडा सदतीस दाखवतो. आत पन्नास आहे."

"मग?"

"मग ती ऊब नव्हती, भाऊजी, भट्टी होती. पहिल्याच फेरीत बहुतेक सगळी मेली. जी जन्मतःच चिवट होती तेवढीच उरली आणि त्यांचीच पोरं वाढली. वाढ हळू व्हायची, मला वाटायचं ताणामुळे होतंय. मेली किती, ते मी कधी बघितलंच नाही. आजीची आठवण कसली, डोंबलाची!"

 मी नुसतं कपाटाचं दार लावलं.

विभागप्रमुखांनी ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "नेमणुकीचा कागद हातात येऊ दे. मग बघू."

"ज्याचा फोन आला होता तो माणूस आजही तोच प्रयोग करत बसलाय, सर," वहिनी म्हणाली.

त्यांच्यासमोरच तिने त्याला फोन लावून सगळं सांगितलं. लेख मागे घेतला. नेमणूक अर्थातच गेली. जिथे जिथे मुलाखतीला गेली, तिथे पहिला प्रश्न त्या लेखाचाच निघाला.

तो पावसाळा तिने भिंतीकडे तोंड करून काढला. "आई, इतकी वर्षं मी केलं तरी काय?" असं एकदा तिने विचारलं. माझी आई कधी कुणाला बोलण्यात हार जात नाही, पण त्या दिवशी ती पलंगाच्या कडेला बसली आणि सुनेचे पाय दाबत राहिली. वहिनीने पाय ओढूनही घेतले नाहीत.

आता ती एका डेअरीत दूध तपासते. सकाळी जाते, संध्याकाळी येते. कामाबद्दल कुणी काही विचारत नाही आणि तीही सांगत नाही. मध्यंतरी त्या दुसऱ्या शहरातल्या संशोधकाचा पुन्हा फोन आला होता. चिवट यीस्ट चिवट का असतं, हेच आता दोघांनी मिळून शोधू या, असं म्हणाला.

"मग काय सांगितलंस?" दादाने विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली आणि बशा पुसायला लागली.