पाणी काय ठेवून गेलं

पाण्याच्या नमुन्यांना आम्ही नंबर देतो. किश्श्यांना कोण देणार? ते गाडीतच साठत जातात. गाडीत आम्ही तिघं: मी, आमच्या सीनिअर सुनंदामॅडम आणि ड्रायव्हर सलीमभाई. काम एकच, धाराशिव जिल्ह्यातल्या बोअरच्या पाण्यात युरेनियम किती आहे ते बघणं.

*

येरमाळ्याच्या चहावाल्याला मी कामाचं सांगितलं. तो आत वळून ओरडला, "युरियावाले आलेत!" दहा मिनिटांत आधार कार्ड घेऊन लोकांची रांग! त्यांना खरं सांगताना मला घाम फुटला.

*

जळकोटला एका आजोबांना मॅडम समजावत होत्या. "लाखो वर्षांपूर्वी जमिनीखालून पाणी वाहायचं. खडकातलं युरेनियम विरघळून पाण्यासोबत पुढं जायचं. जिथं पाण्यातला ऑक्सिजन संपला, तिथं ते खाली बसलं. असं साठत साठतच त्याचे साठे तयार होतात."

आजोबांनी आपल्या रानाकडं बघितलं. मग म्हणाले, "म्हंजे पाणी आलं आन् ठेवून गेलं. आता ते काढायला आमचं रान घेणार व्हय?"

"नाही हो, आम्ही फक्त तपासायला आलोय."

"तलावाच्या टायमाला बी फक्त मोजायलाच आले व्हते!"

मॅडमनी वही मिटली.

*

मुक्कामाच्या घरी माझं रेडिएशनचं मीटर चुकून चालूच राहिलं. स्वयंपाकघरात त्याची टकटक वाढली. "ग्रॅनाइटचा ओटा आहे ना, थोडं असतंच. घाबरू नका," मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून घरमालकिणीचा स्वयंपाक अंगणात, चुलीवर. "आणि ओटा?" मी विचारलं.

"लई महागाचा हाय. बघायला ठेवलाय!"

*

ढोकीजवळच्या वस्तीवरच्या रशीदाचाचींच्या बोअरचा रिपोर्ट आला. युरेनियम मर्यादेपेक्षा बरंच जास्त. असं फोनवर सांगायचं नाही म्हणून मॅडम स्वतः गेल्या. मी सोबत होते.

"चाची, हे पाणी आता पिऊ नका."

चाचींनी दारातल्या सुनेकडं बघितलं. "हिला सातवा महिना हाय. कालपातूर हेच पाजलं म्या. आता काय देऊ?"

मॅडमनी गाडीतून स्वतःची बाटली आणून सुनेच्या हातात दिली. तिनं झाकण उघडलं, बाटली तोंडाला लावली.

तेवढ्यात गाडीकडून सलीमभाई पळत आले. "मॅडम, थांबवा तिला! ती बाटली सकाळी रिकामी व्हती. आत्ता आल्या आल्या म्याच भरली, हितल्याच बोअरच्या नळाला!"