निळं दार, कधीही हाक मारा

जळत्या पेंढ्यातल्या उलट्या मडक्यावर ती ओल्या बोटांनी पाणी शिंपडायची आणि कान द्यायची. चर्र झालं की म्हणायची, “बोलला रं! काढा.” त्याआधी कोणी हात पुढे केला तर चापट बसे, मग तो सरपंच का असेना.

पोपटी तुम्ही खाल्लीच असेल. भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, ओवा, जाडं मीठ, सगळं मडक्यात भरून भाजायचं. पोपटी सगळेच करतात. पण आमच्या खालापूरकडच्या गावात तिच्या मडक्याभोवती माणसं थांबत. ती माझी शेजारीण. नवरा वारलेला, मुलगी भिवपुरीला दिलेली.

मी कारखान्यात टाइमकीपर होतो. निवृत्त झाल्यावर फोन शिकलो आणि त्या नव्या शहाणपणात सोशल मीडियावर तिच्या पोपटीचं पान काढलं. फोटो घेताना म्हणाली, “थांबा भाऊ, मडका पन येऊ द्या.” मडकं कडेवर घेऊन अशी हसली, जसं काही नातवंडच.

फायदा झाला, तो मी नाकारत नाही. कर्जतच्या फार्महाउसांतून ऑर्डरी येऊ लागल्या. दोन बायका हाताखाली आल्या, घरावर नवी कौलं चढली. “भाऊ, तुमच्या फोनात काय देव हाय का वं?” ती विचारी. मी फुगत असे.

आता माझं काम ऐका. पानावर मी लिहिलं होतं: “शिळफाट्याहून या, पिंपळापुढचं निळं दार. बाई एकटीच असते, कधीही हाक मारा.” खाली तिचा नंबर. आपण पाहुण्याला रस्ता सांगतो तो असाच. घरी कोण असतं हेही सांगतो. पण पाहुणा ओळखीचा असतो. मी ते साऱ्या जगाला सांगून बसलो.

फोन सुरू झाले. “पोपटी राहू दे, तू येतेस का?” मग गाड्या येऊन दारात हॉर्न वाजवू लागल्या. शेवटी तोच हसरा फोटो, खाली घाण मजकूर आणि तिचा नंबर, असा आमच्याच गावाच्या ग्रुपवर फिरला. मी पान काढून टाकलं, त्या फोटोची सोशल मीडियाच्या कंपनीकडे तक्रार केली. उत्तर आलं, ‘आमच्या नियमांचा भंग आढळला नाही.’ मी गुडघ्याचं तेल शोधलं की ज्यांना लगेच कळतं, त्यांना एका बाईची बेअब्रू दिसत नाही? दिसते. लोक ती बघत बसतात, म्हणूनच ती तिथे राहते.

देवळापुढे गाव बसलं. तिच्या पोपटीवर पोसलेलेच पुढे होते.

“नंबर कुनी टाकला? एकटी हाय म्हनून कुनी लिवला?”

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी चपलेचा अंगठा चाचपत होतो.

“मीच सांगितलं लिवायला,” ती म्हणाली.

“बाईला हौस भारी!” मागून कोणीतरी बोललं. हशा झाला. घाण मजकूर पुढे पाठवणारे त्या हशात होते. त्यांना कोणी काही विचारलं नाही. आणि मी? मीही हसल्यासारखं केलं.

आठवड्यात ती मुलीकडे गेली. निळ्या दाराला कुलूप लागलं. गाव अजून म्हणतं, बाईनं स्वतःच ओढवून घेतलं.

खोटं आहे ते. तिला लिहिता येत नव्हतं. ती ओळ माझी होती, आणि ती तिला वाचून दाखवण्याचीही तसदी मी घेतली नव्हती.

हे सांगायला मागच्या महिन्यात भिवपुरीला गेलो. ती अंगणात वाल सोलत होती. नातीने सहज फोन वर धरला, “आजी, हस ना!” आजीने झटकन पदर तोंडावर ओढला. दाणे अंगणभर सांडले.

मी ते वेचायला बसलो. म्हणालो, “आता सगळं लिहितो. ग्रामसभेत वाचतो.”



“सांगा भाऊ,” पदराआडून आवाज आला. “पन माझा नाव नको. आन् फोटू नका लावू.”